वाऱ्याचें वजन

आयर्लंडच्या वायव्य भागांत लेटरकेनी आणि डेरी अशीं दोन गांवें आहेत. एकापासून दुसरें जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरांवर. दोहोंचा पाऊस एक, दोहोंचें मळभ एक, आणि अटलांटिक महासागरावरून दोहोंकडे येणारा वाराहि एकच. परंतु मधून राज्याची सीमा गेलेली आहे. लेटरकेनी आयर्लंडच्या प्रजासत्ताकांत, डेरी ब्रिटिश राज्यांतील उत्तर आयर्लंडांत. २० जानेवारी २००५ रोजीं प्रजासत्ताकानें रस्त्यांवरील वेगमर्यादेच्या पाट्या मैलांवरून किलोमीटरांवर आणल्या. उत्तरेकडील पाट्यांवर मैल तसेच राहिले. तेव्हांपासून मोटार हांकणाऱ्याला सीमा ओलांडल्याचें पहिलें चिन्ह दिसतें तें पाटीवरील आंकड्यांत.

२४ जानेवारी २०२५ या दिवशीं ही सीमा न जुमानणारा एक पाहुणा पश्चिमेकडून आला. हवामानखात्यांनीं त्या वादळाचें नांव 'एओविन' ठेवलें होतें. तें येण्यापूर्वींच साऱ्या आयर्लंडभर तांबडा इशारा देण्यांत आला. उत्तर आयर्लंड व स्कॉटलंड या भागांतील सुमारें पंचेचाळीस लाख लोकांच्या मोबाइल फोनांवर आदल्या संध्याकाळीं एकाएकीं कर्कश आवाज झाला व जिवास धोका असल्याची सूचना उमटली. प्रजासत्ताकाच्या खात्याचा तांबडा इशारा किलोमीटरांच्या मापांत बांधलेला आहे: सतत वाहणारा वारा ताशीं ८० किलोमीटरांवर, किंवा त्याचे झोत १३० किलोमीटरांवर. सीमेपलीकडे लोकांच्या कानीं पडले ते मैल. तेथें शंभर मैलांपर्यंतच्या झोतांचें भाकित होतें. आतां 'ऐंशी' हा एकच आंकडा दोन घरांत ऐकूं आला असें समजावें. एका घरांत ते किलोमीटर आहेत, दुसऱ्यांत मैल. शब्द एक, परंतु दुसऱ्या घरावर आदळणाऱ्या वाऱ्याचा जोर पहिल्याच्या अडीचपटीहून अधिक आहे. इशारा ऐकणाऱ्याच्या मनांत कोणतें माप रुजलेलें आहे, यावर त्याचें त्या रात्रींचें शहाणपण अवलंबून राहतें.

वाऱ्याचा वेग सांगण्याच्या रीति पाहिल्या म्हणजे एकाच गोष्टीला इतकीं मापें कशाला असावींत, याचें नवल वाटतें. जमिनीवरचा इंग्रज मैल मोजतो. खलाशी आणि वैमानिक नॉट मोजतात. शास्त्रज्ञ 'सेकंदास इतके मीटर' असें लिहितो. बरें, माप एक ठरलें म्हणून घोटाळा संपतो असेंहि नाहीं. वारा कांहीं आगगाडीप्रमाणें एका चालीनें जात नाहीं. तो दम घेतो, उसळतो, पुन्हां ओसरतो. म्हणून त्याची सरासरी काढावी लागते. आणि ती किती वेळाची काढावयाची, याविषयीं एकमत नाहीं. जागतिक हवामान संघटनेचा संकेत दहा मिनिटांचा, भारतीय हवामानखात्याचा तीन मिनिटांचा, तर अमेरिकेचा एका मिनिटाचा. काळ जितका थोडा, तितकी सर्वोच्च सरासरी चढती. त्यामुळें एकाच वादळाचे दोन देशांनीं दिलेले आंकडे जुळले नाहींत, तरी दोन्ही खरे असूं शकतात.

अमेरिकेंत 'आत्यंतिक वाऱ्याचा इशारा' म्हणून एक वेगळाच इशारा आहे. प्रबळ चक्रीवादळाच्या गाभ्याभोंवतालचा, ताशीं ११५ मैल अथवा त्याहून अधिक वेगाचा सततचा वारा तासाभरांत येऊन ठेपणार असेल, तेव्हांच तो दिला जातो. तो ऐकल्यावर गांव सोडण्यास वेळ नसतो. घराच्या आंतल्या, खिडकी नसलेल्या खोलींत शिरावें, एवढाच अवधि उरलेला असतो. त्या घटकेस मैलांचे किलोमीटर करीत बसण्याची सवड कोणास असणार?

पूर्वींच्या लोकांनीं ही अडचण निराळ्या रीतीनें सोडविली होती. फ्रान्सिस बोफर्ट हा आयर्लंडांतील नॅव्हन या गांवीं १७७४ सालीं जन्मलेला नौदलाचा अधिकारी. १८०६ च्या सुमारास 'वुलिच' या जहाजावर असतां त्यानें रोजनिशींत वाऱ्याचे क्रमांक ठरवून ठेवले. वेग मोजणारें भरंवशाचें यंत्र जहाजावर नव्हतें. मग त्यानें मोजलें काय? पुढें ही पद्धति पक्की झाली ती अशी कीं, युद्धनौकेला किती शिडें पेलवतात यावरून वाऱ्याचा क्रमांक ठरावा. ज्या वाऱ्यापुढें कोणतेंच शीड टिकत नाहीं, तो बारावा. क्रमांक ऐकतांच खलाशाला कोणत्या दोराला हात घालावयाचा तें कळे. गुणाकार-भागाकाराचें काम नव्हतें. १८३८ सालीं ब्रिटिश नौदलानें ही पद्धति अधिकृत केली. शिडांचा काळ सरला, तेव्हां १९०६ सालीं जॉर्ज सिंप्सन यानें तिला जमिनीवरच्या खुणांची आणि वेगांची जोड दिली. सहाव्या क्रमांकास छत्री सांवरणें कठीण जातें. सातव्यास वाऱ्यासमोर चालतांना त्रास होतो. आठव्यास झाडांच्या डहाळ्या मोडतात. दहाव्यास झाडें मुळांसकट उपटलीं जातात. हाच सिंप्सन पुढें हिंदुस्थानच्या हवामानखात्यांत अनेक वर्षें काम करीत होता.

बोफर्टची पद्धति नौदलानें स्वीकारली आणि लगेच, ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीं, त्याच्या जन्मभूमीवर असें वादळ लोटलें कीं, आयर्लंडांत ती रात्र 'मोठ्या वाऱ्याची रात्र' म्हणूनच ओळखली जाऊं लागली. खेड्यांतील लोकांना ना मैल ठाऊक, ना क्रमांक. त्यांनीं तो वारा मोजला नाहीं, तो लक्षांत ठेवला. त्या स्मृतीचा उपयोग सत्तर वर्षांनीं झाला. १९०८ च्या कायद्यानें सत्तर वर्षांवरील गरिबांना आठवड्यास पांच शिलिंगांपर्यंत वेतन मिळूं लागलें. पण पुष्कळ म्हाताऱ्यांपाशीं जन्माचा दाखला नव्हता. तेव्हां 'मोठ्या वाऱ्याची रात्र आठवते काय?' हा प्रश्न वयाची परीक्षा म्हणून विचारला जाऊं लागला. ज्याला माप नव्हतें, तो वाराच वर्षांचें माप झाला. महाराष्ट्रांतल्या आज्या 'प्लेगाच्या सालीं' किंवा 'मोठ्या पुराच्या सालीं' असें सांगून नातवंडांच्या बापांचीं वयें मोजीत, त्यांतलाच हा प्रकार.

परंतु आठवण ही मागाहूनची गोष्ट. इशारा आधीं पोंचावा लागतो. ऑक्टोबर १८५९ मध्यें ऑस्ट्रेलियाहून परतणारें 'रॉयल चार्टर' हें जहाज वेल्सच्या अँगलसी बेटापाशीं वादळांत फुटलें आणि साडेचारशेंच्या आसपास माणसें बुडालीं. ब्रिटिश हवामानखात्याचा प्रमुख तेव्हां रॉबर्ट फिट्झरॉय होता. डार्विन ज्या 'बीगल' जहाजावरून जगप्रवासास गेला, त्याचा हा कप्तान. त्यानें १८६१ च्या फेब्रुवारींत तारायंत्रानें बंदरांना वादळाचे इशारे पाठविण्यास आरंभ केला. बंदरावर उंच काठीला शंकूच्या आणि पिंपाच्या आकाराच्या खुणा चढविल्या जात. निरक्षर कोळ्यालाहि ती आकृति दुरून दिसे व समजे. हिंदुस्थानांत १८६४ च्या भयंकर चक्रीवादळानंतर १८६५ सालीं कलकत्ता बंदरांत अशीच व्यवस्था झाली. कोंकणच्या बंदरांत 'तीन नंबरचा बावटा लागला' हे शब्द ऐकल्यावर होड्या वर ओढल्या जातात. त्या तीनाचा अर्थ किती नॉट, हें विचारण्यास कोणी थांबत नाहीं. खूण ओळखीची असली म्हणजे हिशेबाचें ओझें ऐकणाऱ्यावर पडत नाहीं.

आतां लेटरकेनी आणि डेरी यांकडे पुन्हां वळावें. वाऱ्याच्या बाबतींत या दोन गांवांचीं मापें वेगळीं झालीं, पण एक जुनें माप दोहोंकडे अद्यापि घट्ट रुजलेलें आहे. डेरीच्या माणसास त्याचें वजन विचारलें तर तो 'अकरा स्टोन' म्हणून सांगतो. लेटरकेनीचा वडीलधारा माणूसहि तसेंच सांगतो. स्टोन म्हणजे शब्दशः दगड. तराजूंत दगड घालून तोलण्याची चाल महाराष्ट्रालाहि नवी नाहीं. इंग्लंडांत हा दगड मालामालाप्रमाणें बदलत असे. लोकरीचा स्टोन चौदा पौंडांचा, लंडनच्या खाटकाचा आठ पौंडांचा, कांचेचा पांच पौंडांचा. १८३५ च्या कायद्यानें तो चौदा पौंडांवर, म्हणजे ६.३५ किलोग्रॅमांवर, कायमचा बसविला. १९८५ च्या कायद्यानें व्यापारांतून त्याची उचलबांगडी झाली. बटाटे स्टोनानें विकले जात नाहींत. माणसाचें अंग मात्र स्टोनानेंच मोजलें जातें.

बाहेरून आलेल्यास हें माप अगदीं परकें वाटतें. अमेरिकन मनुष्य इंग्रजी बोलतो, पौंडहि वापरतो, तरी स्टोन ऐकल्यावर तोहि गोंधळतो. मुंबईहून लंडनला गेलेल्या मराठी माणसास शेजारी 'मी दहा स्टोन' म्हणाला, तर तो बारीक कीं जाडा हें कळण्यास आधीं गुणाकार करावा लागतो. रुग्णालयांत तर याला विशेष महत्त्व येतें. तेथें औषधाची मात्रा किलोग्रॅमांवर ठरते. नऊ स्टोनांची बाई सत्तावन्न किलोंची असते. नऊचे सत्तावन्न करण्यांत चूक झाली, तर मात्राहि चुकते. म्हणून रोग्यानें सांगितलेला आंकडा तसाच न लिहितां त्याला कांट्यावर उभें करणें श्रेयस्कर.

या प्रकाराला हंसण्याचा अधिकार मात्र हिंदुस्थानास फारसा नाहीं. रेल्वेचा व बंगालचा मण ८२ पौंडांहून किंचित् अधिक, मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा. 'मणभर' हा शब्द तिन्हीकडे एक; उचलणाऱ्याच्या पाठीला मात्र फरक बरोबर कळे. ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक मापें अमलांत येऊं लागलीं, तेव्हां हा घोळ मिटण्याचा मार्ग मोकळा झाला. तरीहि सोन्याच्या दुकानांत तोळा उरला आणि बोलण्यांत मण उरला. जें माप अंगाशीं भिडलेलें असतें, तें कायद्यानें सहसा मरत नाहीं.

या गोष्टींतच इशाऱ्याच्या अडचणीवरचा एक उपाय दडलेला आहे. वारा वेगानें मोजतात. पण माणसाला तो वेगानें जाणवत नाहीं, तो रेट्यानें जाणवतो. आणि रेटा म्हणजे वजनच. हवेच्या रेट्याचा नियम सोपा, परंतु फसवा आहे: वेग दुप्पट झाला कीं रेटा दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. थंड हवेंत ताशीं ४५ किलोमीटरांचा वारा एक चौरस मीटर फळीवर सुमारें दहा किलोंचा भार टाकतो. ९० किलोमीटरांचा वारा चाळीस किलोंचा. १८० किलोमीटरांचा एकशें साठ किलोंचा. वाऱ्यासमोर उभा असलेला प्रौढ माणूस अर्ध्या चौरस मीटराहून थोडी अधिक जागा अडवितो. हिशेब केला म्हणजे एक मोठी चमत्कारिक जुळणी हातीं येते. ताशीं ४५ किलोमीटरांचा वारा त्याला सुमारें एक स्टोन भारानें ढकलतो. ९० किलोमीटरांचा चार स्टोन भारानें. आणि १८० किलोमीटरांचा सोळा स्टोन भारानें.

मैल आणि किलोमीटर यांचा वाद येथें संपतो. सीमेच्या या बाजूचा असो वा त्या बाजूचा, आठ स्टोन वजनाच्या म्हातारीला हा हिशेब कोणी सांगितला तर ती तो क्षणांत जाणते. ओल्या फरसबंदीवर जोड्याची पकड अंगच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असते. म्हणजे तिला धरून ठेवणारी शक्ति चार स्टोनांची. ताशीं ९० किलोमीटरांच्या, म्हणजे ५६ मैलांच्या, वाऱ्यांत ढकलणारी शक्तिहि चार स्टोनांचीच. तेथून पुढें पाय आपला राहत नाहीं. सोळा स्टोनांचा धिप्पाड गडी त्याच वाऱ्यांत उभा राहील. परंतु वेग दुप्पट झाला कीं सोळा स्टोनांचा एक दुसरा गडी त्याच्या छातीवर येऊन पडल्यासारखें होईल. मुलांची गोष्ट तर बोलावयासच नको. त्यांचें अंग थोडी जागा अडवितें हें खरें, पण वजन त्याहूनहि झपाट्यानें कमी होत जातें. वाऱ्यावर रेलून चालणाऱ्याला आणखी एक भय असतें. झोत अचानक थांबला, तर ज्या भिंतीला तो टेकला होता ती भिंतच नाहींशी होते आणि तो तोंडघशीं पडतो.

अर्थात् वाऱ्यानें माणूस उडून जातो, हा मुख्य धोका नव्हे. माणसाला न हलविणारा वारासुद्धां कौल उचलतो, पत्रा फेंकतो, झाड पाडतो. हें ओळखूनच ब्रिटिश हवामानखात्यानें २०११ पासून इशाऱ्याचा रंग नुसत्या वेगावरून ठरविण्याचें सोडलें. वाऱ्यानें काय घडेल आणि तें घडण्याचा संभव किती, या दोहोंचा मेळ घालून पिवळा, नारिंगी किंवा तांबडा रंग दिला जातो. मोठ्या शहरांत, पानांनीं भरलेल्या झाडांच्या दिवसांत, थोड्या वेगाचा वाराहि अधिक अनर्थ करूं शकतो. ही बोफर्टचीच दृष्टि होय. त्यानें शिडें पाहिलीं, आतांचे शास्त्रज्ञ घरें, रस्ते आणि विजेच्या तारा पाहतात.

एओविन वादळांत त्या इशाऱ्याची परीक्षा झाली. गॉल्वे परगण्यांतील मेस हेड येथें ताशीं १८० किलोमीटरांहून अधिक वेगाचा झोत नोंदला गेला आणि फॉइन्स येथील १९४५ सालचा १८२ किलोमीटरांचा आयरिश उच्चांक मोडला. प्रजासत्ताकांत साडेसात लाखांहून अधिक घरांची व दुकानांची वीज गेली. झाडें तर मोजदाद करण्यापलीकडे पडलीं. परंतु त्या वेळीं रस्ते जवळजवळ ओस होते. शाळा बंद होत्या, गाड्या बंद होत्या, माणसें घरांत होतीं. तरीहि लेटरकेनीच्याच डोनेगॉल परगण्यांत एका मोटारीवर झाड कोसळून चालकाला मृत्यु आला, आणि स्कॉटलंडांतहि तशाच रीतीनें एका तरुणाचा प्राण गेला. उच्चांक मोडणारें वादळ आणि बळी इतके थोडे, हें श्रेय पुष्कळ अंशीं त्या इशाऱ्याचें. लोकांनीं तो ऐकला, आणि मुख्य म्हणजे त्यांना तो समजला. तांबडा रंग आणि 'जिवास धोका' हे शब्द सीमेच्या दोन्ही बाजूंस एकाच अर्थाचे होते.

कोंकणाला हा विषय दूरचा नाहीं. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' हें चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें. भाकित आधींच झालें होतें; वाऱ्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांवर जाईल हें सर्वांनीं ऐकलें होतें. परंतु ज्या आगरांत दोन पिढ्यांनीं तसा वारा पाहिला नव्हता, तेथें 'शंभर किलोमीटर' म्हणजे मुंबई-पुणें रस्त्यावरील मोटारीचा वेग, एवढेंच चित्र मनांत उभें राहणार. श्रीवर्धन, मुरुड, दापोली या बाजूंच्या नारळी-पोफळींच्या बागा त्या एका दिवसांत आडव्या झाल्या. घरांवरचे पत्रे कागदासारखे गेले. पोफळीला उत्पन्न देण्यास पुन्हां वर्षांमागून वर्षें लागतात.

वर केलेला हिशेब कोंकणच्या मापांत मांडून पाहिला तर आणखी एक जुळणी दिसते. ताशीं ११० किलोमीटरांचा वारा उभ्या माणसाच्या अंगावर जो भार टाकतो, तो सुमारें साडेसदतीस किलोंचा, म्हणजे पक्क्या मापाचा एक मण. आगरांतल्या वृद्धाला 'ताशीं एकशें दहा' म्हणून सांगितलें, तर तो मान डोलावील आणि कदाचित् पडलेल्या झांपा गोळा करण्यास बाहेर पडेल. 'उद्यां दुपारीं अंगावर मणाचें पोतें फेंकणारा वारा येणार आहे, आणि तो तें पोतें पुन्हां पुन्हां फेंकीत राहणार आहे' असें सांगितलें, तर तो गुरें सोडील, म्हातारीला पक्क्या घरांत नेईल आणि दाराला आडणा घालील.